रेघेचं तोंड

१

गाडी उभी असताना जळली. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून ठेवते, कारण त्या आठवड्यात मी हेच घसा फाटेपर्यंत सांगत होते आणि एकही शहाणा ऐकून घ्यायला तयार नव्हता.

गाडी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची. लांब, पांढरी, मागे अख्खा दवाखाना: तपासायची खुर्ची, अक्षरांचा तक्ता, दिवे, औषधांचा छोटा फ्रीज. महिन्यापूर्वी त्या माझ्याकडे आल्या, बॅटरी दुपारपर्यंत जीव सोडते म्हणून. दोष बॅटरीचा नव्हताच. अल्टरनेटर वीज भरपूर बनवत होता, पण तिथून बॅटरीपर्यंत जाणारी वायर कंपनीची, पेन्सिलीहून बारीक. निम्मी ताकद वाटेतच गरम होऊन संपायची. मी ती काढून अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल टाकली, इंजिनाचं आणि बॉडीचं अर्थिंगही जाड केलं, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर, पारदर्शक झाकणाच्या डबीत, फ्यूज बसवला. काही बिघडलंच तर आधी फ्यूज उडावा आणि केबल वाचावी, एवढं साधं गणित.

आणि सोमवारी दुपारी तीच केबल लालभडक होऊन पेटली. माणूस एकही भाजला नाही, पण बॉनेटखालचं सगळं गेलं.

गुरुवारी सकाळी दादानं दुकानात येऊन एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. दादा माझा सख्खा मोठा भाऊ आणि आमच्या आवारातल्या गॅरेजवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. ती गाडी चालवतो त्याचाच मुलगा, माझा भाचा. ती नोकरीही दादानंच शब्द टाकून मिळवून दिलेली. कागदावर लिहिलं होतं, 'केबल जोडताना माझ्या हातून चूक झाली, त्याबद्दल मी माफी मागते.' खाली माझं नाव, आणि सहीला जागा.

"ठिणगे, सही कर आणि मोकळी हो," दादा म्हणाला. ठिणगी हे माझं लहानपणापासूनचं नाव. आगीनंतर आवारात त्यावर जे विनोद झाले ते तुमच्या तुम्ही करून घ्या.

"चूक झालीच नाही तर सही कशाची?"

"विम्याच्या माणसानं लिहून दिलंय. केबल जळाली आणि फ्यूज शाबूत. म्हणजे फ्यूज एकतर नको तितका मोठा, नाहीतर नकली. दोन्हीकडून दोष जोडणारीचा. सही केलीस तर वर्षभर तुझं नाव बाजूला ठेवू. नाही केलीस तर आज तीन वाजता बैठक आहे. संघाच्या यादीतून नाव कायमचं जाईल."

यादीतून नाव गेलं की आमच्या आवारात पाना हातात धरता येत नाही. म्हणजे दुकान बंद आणि बाबांची पाटी खाली. बाबा गेल्यावर दादानं इंजिनं घेतली, मी वायरी घेतल्या. पाटी माझ्या दारावर राहिली. चाळीस वर्षं ती एका खिळ्यावर आहे.

"बाईमाणूस आहेस," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "चुकलं म्हटलंस तर कोणी मनावर घेणार नाही."

हे त्यानं बोलायला नको होतं. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

"तीन वाजता येते," मी म्हटलं. "सही कुणाची हवी तेही तिथंच सांगते."

२

जळकी गाडी दादाच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत आणून टाकली होती. कुंपण कमरेएवढं. कुणीही टांग टाकून आत यावं आणि आपलं काम करून जावं.

मी बॉनेट उचललं. केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उघडी पडली होती, वरचं आवरण ठिबकून खाली गोठलेलं. फ्यूजच्या डबीचं झाकण वितळून एका कडेला लोंबत होतं. आत फ्यूज होता. माझाच आकडा, माझ्याच बनावटीचा, काजळीनं काळा आणि पूर्ण शाबूत. केबल जळेपर्यंत वीज वाहते आणि फ्यूज ढिम्म बसून राहतो, हे दोन्ही एका गाडीत नांदूच शकत नाही.

मग मी नट पाहायला लागले. माझी एक सवय आहे, आणि तिच्यावरून आवारातल्या पुरुषांची चांगली करमणूक होते. नट शेवटचा आवळला की मी त्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढते, नटावरून खालच्या थिंबलच्या, म्हणजे केबलच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीच्या, काठावर. नट कुणी हलवला की रेघ तुटते आणि मला कळतं. 'ठिणगी नटांनाही नटवते' हा त्यांचा लाडका विनोद. पॉलिश माझ्या मुलीच्या अर्ध्या संपलेल्या बाटल्यांतलं असतं, नेहमी लाल.

अल्टरनेटरवरच्या नटाची रेघ जळून तपकिरी झाली होती, फोड आलेली. नखानं खरवडली तर भुगा पडला. अर्थिंगच्या नटाचंही तेच, बॅटरीच्या नटाचंही तेच.

मग मी डबीतल्या, फ्यूजच्या दोन बाजूंच्या दोन नटांवरची काजळी बोटानं पुसली.

दोन्ही रेघा लालचुटुक होत्या. झाकण वितळवणाऱ्या आगीतून बाहेर आलेल्या नटांवर काल-परवाचं पॉलिश होतं.

३

कुणीतरी आग विझल्यावर डबी उघडली होती. का, ते शोधायचं तर आधी आग का लागली ते कळायला हवं होतं. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या फोनवर एकेका पेशंटला नाही म्हणत होत्या. यादी लांब होती आणि चेहरा उतरलेला.

"ताई, मला तुमचा राग नाही," फोन ठेवून त्या म्हणाल्या, "पण गाडी परत कधी निघेल एवढं कुणीतरी सांगा. माझी म्हातारी माणसं वाट बघतायत."

"आग लागली तेव्हा किल्ली कुठं होती?"

"माझ्या कोटाच्या खिशात. आम्ही जेवत होतो. गाडी तासभर बंद होती."

इंजिन बंद तर अल्टरनेटर बंद. मग एवढी वीज आली कुठून? बॅटरीतूनच, उलट्या दिशेनं. तिला अडवायलाच तर तो फ्यूज होता.

"त्याआधी गाडीत काही वेगळं जाणवलं? काहीही?"

त्या विचारात पडल्या, मग हसल्या. "गाडीत नाही, पेशंटमध्ये. शनिवारी एक आजोबा म्हणाले, तक्त्याच्या खाली लाल टिंब दिसतंय. मी लिहून घेतलं, डोळ्यापुढे ठिपका. मग एक आजी म्हणाल्या, त्यांनाही. तिसराही तेच म्हणाला तेव्हा मीच खुर्चीत बसून पाहिलं. तपासायला आम्ही गाडीत अंधार करतो ना. तक्ता ड्रायव्हरच्या मागच्या पडद्याला टांगलेला असतो, आणि पडद्याच्या फटीतून पुढचा एक दिवा मिणमिणत होता. त्यावर बॅटरीचं चित्र होतं."

"किल्ली काढलेली असताना?"

"हो. शुक्रवारपर्यंत नव्हता तो. शुक्रवारी तर गाडीच दोन तास उशिरा आली. ड्रायव्हर म्हणाला, वाटेत एका बंद पडलेल्या गाडीला बॅटरी दिली."

मी उठले. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. त्या झडपाच समजा, वीज बाहेर सोडतात, आत येऊ देत नाहीत. झडप मरायला लागली की किल्ली काढल्यावरही तो दिवा मिणमिणत राहतो. उजेडात कुणाच्या लक्षात येत नाही. या झडपांना मारायचा खात्रीचा मार्ग एकच: बॅटरी देताना केबल उलटी लावणे. तसं केलं तर फ्यूजही त्याच क्षणी उडतो.

म्हणजे माझा फ्यूज शुक्रवारीच गेला होता. मग तीन दिवस गाडी चालली कशावर?

४

शेजारच्या दुकानात गाड्यांचे स्पीकर बसवणारा एक गृहस्थ आहे. त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण त्याचा आवाज त्याच्या मालापेक्षा मोठा. माझं दुकान गेलं तर मधली भिंत पाडायची त्याची फार दिवसांची इच्छा आहे, आणि ती तो लपवतही नाही. रविवारी डॉक्टरीणबाईंची गाडी त्याच्या दाराशी उभी असलेली मी पाहिली होती.

"रविवारी त्या गाडीच्या बॅटरीला तू हात लावलास," मी दारातूनच म्हटलं.

"लावला! कर्णा बसवला, शिबिराची घोषणा करायला. बॅटरीवरून वायर घेतली. तुझ्या कामाला शिवलो पण नाही. आणि तुझ्या डबीत काय होतं ते मी तीन वाजताच सांगणार आहे, सगळ्यांसमोर!"

"तू काय सांगणार? तुला फ्यूज आणि बिस्किट यातला फरक कळत नाही."

एवढी काडी पुरली. "फ्यूज? कुठला फ्यूज?" तो असा ओरडला की समोरचा चहावाला वळून बघायला लागला. "तांब्याची पट्टी ठोकली होती तुझ्या डबीत! झाकणातून चकचकत होती! मोठी आलीय शिकवणारी! माझ्या कामाचा मी फोटो काढतो, कोपऱ्यात तुझी डबी आलीय. तुझी अब्रू माझ्या फोनमध्ये आहे, बाई!"

त्यानं फोन माझ्या नाकाशी धरला. कर्ण्याची वायर, बॅटरी, आणि कोपऱ्यात माझी डबी. आत फ्यूजच्या जागी सरळ तांब्याची पट्टी. झाकणातून दोन्ही नट दिसत होते. त्यांवरच्या रेघा तुटलेल्या होत्या.

"हा फोटो बैठकीत नक्की आण," मी म्हटलं.

भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याला वाटलं होतं मी हातापाया पडेन.

रविवारी पट्टी होती आणि आज फ्यूज होता. पट्टी घालणारा कोण असेल ते मला कळून चुकलं होतं.

५

भाचा दादाच्या घराच्या पायरीवर बसला होता. तीस वर्षांचा बाप्या, मिशा राखलेला, आणि चार दिवस न झोपलेला. त्याच्या शेजारी गाडीतून काढलेल्या सामानाची पेटी होती. मी न विचारता ती उघडली आणि दुसऱ्या गाडीला बॅटरी द्यायच्या जंपर केबल बाहेर काढल्या.

दोन्ही काळ्या. घरी बनवलेल्या. मागे मी त्याला बजावलं होतं की एक लाल घे, नाहीतर कधीतरी फसशील. चिमट्यांचे दात वितळून बोथट झाले होते.

"उलटी लावलीस," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. "पाऊस होता आत्या. तो माणूस घाई करत होता. ठिणग्या उडाल्या आणि तुझा फ्यूज गेला. डॉक्टर वाट बघत होत्या, म्हणून पट्टी लावली. दोन दिवसांपुरतीच."

"मला फोन का नाही केलास?"

"तू आवार डोक्यावर घेतलं असतंस."

हे खरं होतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"मग आग विझल्यावर पट्टी काढून फ्यूज घातलास, काजळी फासलीस आणि माझी रेघ ओढलीस?"

"नाही!" तो ताडकन उठला. "मी त्या गाडीजवळसुद्धा गेलो नाही, शपथ. माझ्यानं बघवत नाही ती. आणि रेघ कसली?"

हा मुलगा खोटं बोलला की कान लाल होतात, पाळण्यात होता तेव्हापासून. आता त्याचे कान पांढरे होते. रेघेबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. गाडी चालवण्यापलीकडे त्यानं बॉनेटखाली कधी मन घातलंच नाही.

"पट्टीचं आणखी कुणाला सांगितलंस?"

त्यानं केबल माझ्या हातून घेऊन पेटीत टाकल्या. मी परत विचारलं, तर तो पेटी उचलून घरात गेला.

मी पुन्हा जळक्या गाडीशी गेले. त्या दोन लाल रेघा पुन्हा पाहिल्या, या वेळी रंग नाही, दिशा. डबीच्या डावीकडून बॅटरीची केबल येते, उजवीकडून अल्टरनेटरची जाते. माझी नक्कल करणारा कुणीही डाव्या नटावरची रेघ डावीकडे ओढेल, उजव्यावरची उजवीकडे, म्हणजे जिकडे केबल जाते तिकडे. इथं तसं नव्हतं. उजव्या नटावरची रेघही डावीकडेच वळली होती, आपल्या केबलकडे पाठ करून, बॅटरीच्या दिशेला.

ती बाबांची पद्धत. रेघेचं तोंड नेहमी बॅटरीकडे. "करंट कुठून येतो ते रेघेनंच सांगितलं पाहिजे," ते म्हणायचे, "उद्या दुसरा कोणी बॉनेट उघडेल, त्याला विचारत बसायला लागू नये." ही गोष्ट बाबांनी या जगात दोघांनाच शिकवली. त्यातली एक मी.

मी बॉनेट खाली सोडलं. राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट वाटत होतं. खिशातला कागद हाताला लागत होता. गप्प सही करून टाकावी असंही क्षणभर वाटलं, खोटं कशाला सांगू. मग 'बाईमाणूस आहेस' आठवलं.

६

तीन वाजता संघाच्या खोलीत सातजण होते. मधल्या खुर्चीत दादा. दारापाशी डॉक्टरीणबाई, कोपऱ्यात भाचा. मी एका फळीवर नवी फ्यूजची डबी ठोकून आणली होती, डाव्या टोकाला खडूनं 'बॅटरी' लिहून. शेजारी पाना, नेलपॉलिश आणि थिनरचा बोळा.

"सही आणलीस?" दादानं विचारलं.

"आधी ऐकून घ्या," मी म्हटलं, आणि सांगितलं. लाल टिंब, काळ्या केबली, मेलेले डायोड, पट्टी. बंद गाडीत बॅटरीतली वीज उलटी अल्टरनेटरमध्ये घुसली आणि फ्यूज नसल्यामुळे केबल पेटली. भोंग्यानं स्वतःच्या हातानं फोटो दाखवला आणि मग, आपण कुणाच्या बाजूनं साक्ष दिली ते कळून, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात 'अरेच्चा' म्हणाला. भाच्यानं उभं राहून कबूल केलं. दादाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"म्हणजे पोरानं चूक केली," एकजण म्हणाला. "मिटलं."

"नाही मिटलं. शाबूत फ्यूज नंतर कुणी घातला? पट्टी काढून, काजळी फासून, कुणीतरी काम अगदी व्यवस्थित पुरं केलं. इतकं व्यवस्थित, की माझी रेघसुद्धा ओढली. चोर असता तर नट आवळून पळाला असता. मेकॅनिकच्या हाताला अर्धवट सोडवत नाही. त्याला फक्त एवढं सुचलं नाही, की आगीत रेघही जळते." मी बाटली टेबलावर ठेवली. "एकेकानं या. दोन नट आवळा आणि माझ्यासारखी रेघ ओढा."

हसले सगळे. पण आले. भोंग्यानं ओढली, डावीकडे डावी, उजवीकडे उजवी. मी बोळ्यानं पुसली. दुसऱ्यानं तशीच, तिसऱ्यानं तशीच. चौथ्यानं तर नटाभोवती गोल काढला. सहाजण झाले. कुणाचीही उजवी रेघ बॅटरीकडे वळली नाही.

मग मी बाटली दादासमोर धरली.

त्याला कळलं होतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. उजवी रेघ उजवीकडे ओढायची, एवढंच करायचं होतं. मग माझ्याकडे पुरावा म्हणून काही उरलं नसतं. त्यानं पाना घेतला आणि दोन्ही नट आवळले, बाबा आवळायचे तसे, शेवटचा पाव फेरा सावकाश. ब्रश बुडवला. डाव्या नटावर रेघ ओढली. उजव्या नटापाशी त्याचा हात थांबला.

मग त्यानं रेघ ओढली. डावीकडे, बॅटरीकडे.

"मला दुसरी येत नाही, ठिणगे," तो म्हणाला.

मी ती पुसली नाही. डॉक्टरीणबाईंचा हात तोंडावर गेला होता.

"सोमवारी पोरगं रडत आलं," दादा फळीकडे बघत बोलू लागला. "त्याची नोकरी माझ्या शब्दावर. वाटलं, तू वर्षभर बाजूला बसलीस तरी सावरशील. तो नाही सावरायचा."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते. आणि नंतर त्याच्यासाठी मीच डॉक्टरांच्या पाया पडले असते. माझ्या नावावर मात्र कुणाचं पाप घेतलं नसतं, तुझंही नाही." माझा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. मी दोन्ही लपवलं नाही. "बाबांची रेघ तू मला अडकवायला वापरलीस, दादा."

त्यानं मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी घसा साफ केला. "गाडीची केबल परत कोण जोडणार?"

"मी," मी म्हटलं. "आणि ड्रायव्हर ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. ठेवलात तर एक लाल जंपर केबल मी माझ्याकडून देते."

मग खिशातला कागद काढून टेबलावर उलगडला. 'माझ्या हातून चूक झाली, त्याबद्दल मी माफी मागते.' खाली माझं नाव. मी ब्रश बुडवला आणि नावावरून लाल रेघ ओढली, नाव संपलं तिथं न थांबता, कागदाच्या कडेपर्यंत, दादाच्या बाजूला.

दादानं रेघ कुठं आली ते पाहिलं आणि वरच्या खिशातून पेन काढलं.